कर्ज किती, आणि ते फिटणार कशातून?

शेअर बाजाराविषयी आपल्या समाजात पूर्वी जो संकोच होता, तो आता बराच ओसरला आहे. "शेअर घेणे जायज आहे का?" हा प्रश्न मागे पडला आणि त्याची जागा "हा शेअर हलाल आहे का?" या प्रश्नाने घेतली. उत्तरही चटकन मिळते. मोबाईलमधल्या अ‍ॅपवर कंपनीचे नाव टाकले की हिरवी किंवा लाल खूण येते. हिरवी आली की चौकशी तिथेच थांबते. व्हॉट्सअ‍ॅपच्या गटात निरोप जातो, "शरिया कम्प्लायंट आहे, कर्ज कमी आहे, भाव पण वीस रुपयेच आहे."

या वाक्यातले "कर्ज कमी आहे" हे शब्द मला खटकतात. कमी म्हणजे कशाच्या मानाने? हा प्रश्न सर्वच कंपन्यांना लागू आहे. पण तेल, वायू, पवन आणि सौर या क्षेत्रांतल्या लहान कंपन्यांच्या बाबतीत त्याचे उत्तर चुकले तर माणसाची आयुष्यभराची बचत जाऊ शकते. या कंपन्यांकडे आपल्या लोकांचा ओढा असण्याचे एक कारण आहे. त्या दारू विकत नाहीत, बँका चालवत नाहीत. धंदा सरळ दिसतो. जमिनीतून तेल काढायचे किंवा वाऱ्यातून वीज करायची. त्यामुळे पडताळणीची पहिली चाळणी त्या सहज पार करतात. सगळे अवलंबून राहते ते दुसऱ्या चाळणीवर, म्हणजे कर्जाच्या.

माझे म्हणणे थोडक्यात असे : कर्जाची ही चाळणी व्याजापासून अंतर राखण्यासाठी बनवली आहे, आपला पैसा सुरक्षित आहे की नाही हे सांगण्यासाठी नाही. दुसऱ्या कामासाठी वेगळे माप लागते. ते माप म्हणजे कंपनीचे कर्ज आणि तिच्याकडे दरवर्षी प्रत्यक्ष येणारी रोकड यांचे गुणोत्तर.

एक तृतीयांशाचे माप

आधी चाळणी काय मोजते ते पाहू. बहरीनमधील आयोफी ही संस्था इस्लामी वित्तसंस्थांसाठी मानके ठरवते. तिच्या मानकानुसार कंपनीचे व्याजी कर्ज तिच्या बाजारमूल्याच्या ३० टक्क्यांपेक्षा जास्त नसावे. डाऊ जोन्सच्या इस्लामी निर्देशांकात ही मर्यादा ३३ टक्के आहे आणि बाजारमूल्य मागील २४ महिन्यांच्या सरासरीने धरतात. एफटीएसई आणि एमएससीआयच्या इस्लामी निर्देशांकांत मुख्यतः एकूण मालमत्तेशी तुलना होते आणि तिथेही मर्यादा एक तृतीयांशाचीच आहे.

हा एक तृतीयांश कुठून आला? हजरत सअद बिन अबी वक्कास आजारी असताना त्यांनी आपली संपत्ती दान करण्याविषयी विचारले. तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्यांना एक तृतीयांशापर्यंत परवानगी दिली आणि एक तृतीयांशही खूप होतो असे सांगितले. ही हदीस मृत्युपत्राविषयीची आहे. आधुनिक काळातील फुकहांनी "जास्त" आणि "कमी" यांच्यातली सीमा म्हणून तो आकडा कर्जाला लावला. हा इज्तिहाद आहे आणि तो प्रामाणिक आहे. ज्या जगात बिनव्याजी मोठी कंपनी सापडणे जवळजवळ अशक्य आहे, तिथे सामान्य मुसलमानाला कुठेतरी रेघ आखून देणे गरजेचे होते.

पण रेघ आखताना कर्ज खाली ठेवलेल्या ज्या आकड्याशी ताडून पाहतात, तो आकडा एकतर बाजारमूल्य असतो किंवा मालमत्ता. कर्ज फेडले जाते ते या दोन्हींतून नव्हे.

रत्नागिरीच्या हापूसच्या बागायतदाराला हे समजावून सांगावे लागत नाही. बागेची किंमत आज ५० लाख आहे आणि डोक्यावर कर्ज १० लाख. कागदावर प्रमाण फक्त २० टक्के. पण सोसायटीचा हप्ता बाग भरत नाही, आंबा भरतो. एखाद्या वर्षी मोहोर गळाला, पेटीला भाव मिळाला नाही, तर हातात येणाऱ्या पैशातून खते, फवारणी आणि मजुरी जाऊन हप्त्याला काही उरत नाही. बाग तिथेच आहे, तिची किंमतही बहुधा तेवढीच आहे, आणि तरीही माणूस अडचणीत आहे. त्याला विचारण्याचा खरा प्रश्न असा : साध्या वर्षात खर्च जाऊन तुझ्या हातात किती उरतात, आणि सगळे कर्ज फेडायला अशी किती वर्षे लागतील? दोन लाख उरत असतील तर पाच वर्षे. पन्नास हजार उरत असतील तर वीस.

कर्ज भागिले वर्षाचा रोख प्रवाह, म्हणजे ज्याला बाजारात कॅश फ्लो म्हणतात, हे गुणोत्तर यापेक्षा वेगळे काही नाही. उत्तर वर्षांत येते, म्हणून ते समजायलाही सोपे आहे.

भाव निम्मा, रोकड सहावा हिस्सा

आता तेलाच्या एका लहान कंपनीचे गणित मांडू. कंपनी काल्पनिक आहे, आकडे मुद्दाम सोपे घेतले आहेत. ती वर्षाला १० लाख बॅरल तेल काढते. भाव बॅरलला १०० डॉलर. काढण्याचा, वाहतुकीचा, रॉयल्टीचा, व्याजाचा आणि कार्यालयाचा मिळून खर्च बॅरलला ४० डॉलर. म्हणजे बॅरलमागे ६० डॉलर उरतात आणि वर्षाचा रोख प्रवाह ६ कोटी डॉलर होतो. कर्ज १२ कोटी डॉलर. गुणोत्तर २. दोन वर्षांच्या रोकडीत सगळे कर्ज फिटेल. चांगली कंपनी.

मग तेलाचा भाव ५० डॉलर झाला. भाव निम्मा झाला, तेव्हा गुणोत्तर दुप्पट, म्हणजे ४ होईल असे वाटते. तसे होत नाही. रॉयल्टी थोडी कमी होते, पण बाकीचा खर्च फारसा हलत नाही. तो ४० च धरला तर बॅरलमागे फक्त १० डॉलर उरतात. वर्षाचा रोख प्रवाह १ कोटी. कर्ज तेच १२ कोटी. गुणोत्तर १२. कंपनीने एक डॉलरही नव्याने उचललेला नाही, तरी दोन वर्षांचे कर्ज बारा वर्षांचे झाले.

इथे तेलविहिरीचा स्वभावही लक्षात घ्यावा लागतो. विहीर म्हणजे कारखाना नव्हे. शेल खडकातल्या विहिरीचे उत्पादन पहिल्याच वर्षात निम्म्याहून अधिक घटते. आहे तेवढे उत्पादन टिकवायलाही दरवर्षी नव्या विहिरी खणाव्या लागतात आणि त्याला पैसा लागतो. रोकड कमी झाली की खणणे थांबते, खणणे थांबले की उत्पादन घटते, उत्पादन घटले की रोकड आणखी कमी होते. वरच्या उदाहरणात पुढच्या वर्षी उत्पादन ८ लाख बॅरलवर आले, तर रोख प्रवाह ८० लाख डॉलर आणि गुणोत्तर १५.

हीच कंपनी चाळणीत कशी दिसते? भाव १०० असताना तिचे बाजारमूल्य ६० कोटी डॉलर होते असे धरू. कर्जाचे प्रमाण २० टक्के, हिरवी खूण. भाव कोसळल्यावर बाजारमूल्य १२ कोटींवर आले. त्या दिवशीच्या हिशेबाने प्रमाण १०० टक्के. पण २४ महिन्यांची सरासरी घेतली तर पडझडीला पूर्ण वर्ष झाल्यानंतर, म्हणजे बारा महिने ६० कोटींचे आणि बारा महिने १२ कोटींचे धरून, सरासरी ३६ कोटी येते. कर्ज १२ कोटी. बरोबर एक तृतीयांश. म्हणजे लाल खूण लागायला वर्ष गेले. तोवर शेअरची ८० टक्के किंमत गेलेली आहे. आणि आता नियम पाळणाऱ्या मुसलमानाला सांगितले जाते की शेअर विकून टाक. तेजीत आत घ्यायचे आणि मंदीच्या तळाशी बाहेर काढायचे, असा या मापाचा परिणाम होतो. हेतू तसा नाही, पण खिशाला फटका बसतोच.

अल्बर्टा आणि बाकेन

हे कागदी गणित प्रत्यक्षात घडलेले आहे. जून २०१४ मध्ये अमेरिकी कच्च्या तेलाचा भाव बॅरलला १०० डॉलरच्या वर होता. फेब्रुवारी २०१६ मध्ये तो २६ डॉलरच्या आसपास आला. मधल्या काळात कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतातील आणि अमेरिकेतील कितीतरी लहान तेलकंपन्या बुडाल्या. त्यांच्यापैकी अनेकींना बँकांनी जमिनीखालच्या साठ्यांच्या किमतीवर कर्ज दिले होते. अशा कर्जाची मर्यादा बँक साधारण वर्षातून दोनदा नव्याने ठरवते. भाव पडला की साठ्यांची किंमत पडते, साठ्यांची किंमत पडली की कर्जाची मर्यादा खाली येते, आणि ज्या वेळी कंपनीकडे पैसा नसतो नेमक्या त्याच वेळी बँक तो परत मागते. काही कंपन्यांनी पुढच्या वर्षाचे तेल आधीच ठरल्या भावाने विकून ठेवले होते, म्हणून २०१५ साली त्यांचा रोख प्रवाह बरा दिसला. ते करार संपले तेव्हा खरा आकडा समोर आला.

अल्बर्टातील रेडवॉटर एनर्जी ही अशीच एक लहान कंपनी. बँकेचे कर्ज सुमारे ५० लाख कॅनेडियन डॉलर, म्हणजे या धंद्याच्या मानाने किरकोळ. २०१५ साली ती दिवाळखोरीत गेली. तिच्याकडे विहिरी, वाहिन्या आणि इतर बांधकामे मिळून १२७ परवाने होते. पण बहुतेक विहिरी आटलेल्या होत्या आणि त्या नीट बुजवून जमीन पूर्ववत करण्याचा खर्च तिच्या मालमत्तेच्या किमतीहून अधिक होता. प्रश्न आला की उरलेल्या पैशावर पहिला हक्क कोणाचा, बँकेचा की जमिनीचा? प्रकरण कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयात गेले. ३१ जानेवारी २०१९ रोजी न्यायालयाने ५ विरुद्ध २ अशा मताने निकाल दिला की आधी विहिरींची जबाबदारी, मग बँक. गुंतवणूकदारासाठी यातला धडा असा की जुन्या विहिरी बुजवण्याची जबाबदारी हेही देणेच आहे, पण "कर्ज" या ओळीत ते दिसत नाही. शरियतची चाळणीही ते मोजत नाही.

अमेरिकेतल्या व्हायटिंग पेट्रोलियमचे उदाहरण दुसऱ्या बाजूने बोलके आहे. नॉर्थ डकोटाच्या बाकेन भागात तिचे मोठे काम होते. कोरोनाच्या सुरुवातीला तेल कोसळले आणि १ एप्रिल २०२० रोजी तिने दिवाळखोरीसाठी अर्ज केला. त्याच्या काही दिवस आधी संचालक मंडळाने वरिष्ठ अधिकाऱ्यांसाठी १ कोटी ४६ लाख डॉलरचे रोख बोनस मंजूर केले होते. पुनर्रचनेनंतर नव्या कंपनीची मालकी कर्जरोखेधारकांकडे गेली आणि जुन्या भागधारकांकडे ३ टक्के हिस्सा उरला. कर्ज फिटत नाही तेव्हा कंपनी अनेकदा चालूच राहते, तिच्या विहिरीही वाहत राहतात. फक्त मालक बदलतो. ज्याने "कर्ज कमी आहे" म्हणून शेअर घेतला, तो या हिशेबात शेवटच्या रांगेत उभा असतो.

पुण्याची सुझलॉन

आपल्याकडे लहान गुंतवणूकदार बऱ्याचदा शेअरच्या भावावरून कंपनीचा आकार ठरवतो. भाव दोन-पाच रुपये असला की ती "लहान कंपनी". पुण्याची सुझलॉन एनर्जी अनेकांनी या समजुतीने घेतली. तुलसी तांती यांनी १९९५ साली सुरू केलेली ही पवनचक्क्यांची कंपनी २००५ मध्ये बाजारात आली. २००६ साली तिने बेल्जियमची हॅन्सन आणि २००७ साली जर्मनीची रिपॉवर ही कंपनी घ्यायला सुरुवात केली, दोन्ही मोठ्या कर्जावर. जानेवारी २००८ मध्ये शेअर ४०० रुपयांच्या वर होता. त्या भावाने बाजारमूल्य एवढे मोठे होते की कर्ज त्याच्यापुढे लहान वाटावे. पण पवनचक्कीची मागणी आली की कारखान्याचा पैसा आधी अडकतो आणि ग्राहकाकडून रोकड उशिरा येते. जागतिक मंदीत मागणीच आटली. ऑक्टोबर २०१२ मध्ये सुमारे २० कोटी ९० लाख डॉलरचे परिवर्तनीय रोखे कंपनीला फेडता आले नाहीत. रिपॉवर, जिचे नाव तोवर सेन्व्हियन झाले होते, ती २०१५ मध्ये विकावी लागली. जुलै २०१९ मध्ये १७ कोटी २० लाख डॉलरचे रोखे पुन्हा थकले. मार्च २०२० च्या सुमारास शेअर दोन रुपयांच्या आसपास होता.

पुढे कंपनी सावरली. २०२२ साली ५ रुपये दराने १,२०० कोटींचे हक्कभाग आणि २०२३ साली मोठ्या संस्थांकडून २,००० कोटी रुपये उभारून तिने कर्ज संपवले. २०२४ मध्ये शेअर ८० रुपयांवर गेला. आपल्या गटांमध्ये ही गोष्ट चिकाटीचे फळ म्हणून सांगितली जाते. पण तिची दुसरी बाजू पाहा. २००८ साली कंपनीचे सुमारे १५० कोटी शेअर होते, २०२४ साली १,३५० कोटींच्या वर. म्हणजे कंपनीच्या मालकीचा जो एक वाटा जुन्या भागधारकाकडे होता, तो जवळपास नवव्या हिश्शावर आला. कर्ज फिटले खरे, पण धंद्याच्या रोकडीतून ते पूर्ण फिटू शकले नाही, म्हणून भागधारकांचा हिस्सा पातळ करून फेडावे लागले. गुणोत्तर मोठे असते तेव्हा कर्ज फेडण्याचे मार्ग हेच : मालमत्ता विका, नवे शेअर काढा, नाहीतर कंपनी सावकाराच्या हवाली करा.

प्रत्येकाला एकच फूटपट्टी नाही

इथे एक सावधगिरी. गुणोत्तराचा आकडा वाचताना धंद्याचा प्रकार पाहावा लागतो. सौर प्रकल्पाच्या खर्चाचा ७० ते ७५ टक्के भाग कर्जाचा असणे आपल्याकडे नेहमीचे आहे आणि कर्ज वर्षाच्या रोकडीच्या पाच-सहा पट असणेही. तरीही असा प्रकल्प तेलकंपनीपेक्षा स्थिर असू शकतो, कारण वीज २५ वर्षांच्या कराराने ठरल्या दराने विकलेली असते. त्याची जोखीम भावात नसून वसुलीत असते. वीज वितरण कंपन्या पैसे वेळेवर देत नाहीत. जून २०२२ मध्ये केंद्र सरकारने थकबाकीचे हप्ते बांधून देणारे नियम केले, तेव्हा देशभरातील वितरण कंपन्यांची जुनी देणी सुमारे १.३८ लाख कोटी रुपये होती. वीज विकली गेली, नफा वहीत लिहिला गेला, पण पैसा यायचा होता. म्हणून नफ्याशी नव्हे, आलेल्या रोकडीशी ताडायचे.

गंमत अशी की मालमत्तेच्या ७० टक्के कर्ज असलेला हा स्थिर प्रकल्प चाळणीत नापास होतो आणि तेजीच्या शिखरावरची अस्थिर तेलकंपनी पास होते. सौर प्रकल्पाचे व्याजी कर्ज यामुळे जायज ठरते असे मी म्हणत नाही. हिरव्या खुणेचा अर्थ "सुरक्षित" असा लावू नये, एवढेच म्हणतो.

पडताळणीचा हेतू आणि आपली जबाबदारी

यावर एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. पडताळणी करणारे उलेमा म्हणतील, "आमचे काम हलाल-हराम सांगण्याचे आहे, नफा-तोट्याचे नाही." मान्य. पण मग हे अ‍ॅपवाल्यांनी आणि सल्लागारांनी लोकांना स्पष्ट सांगायला हवे. "कर्ज कमी" ही ओळ दोन्ही अर्थांनी वापरली जाते आणि ऐकणारा दोन्ही अर्थ घेतो.

शिवाय मला वाटते की व्याजाच्या दृष्टीनेही रोकडीचे माप अधिक जवळचे आहे. एखादी कंपनी सावकारावर किती अवलंबून आहे, हे तिच्या शेअरचा आजचा भाव सांगत नाही. भाव तर बाजाराचा मूड आहे. तिच्या कमाईतली पुढची किती वर्षे आधीच दुसऱ्याच्या नावावर लिहिली गेली आहेत, यावरून ते कळते.

आपल्या परंपरेत हा प्रश्न नवा नाही. कर्ज असलेल्या माणसाचा जनाजा आणला गेला की प्रेषित (स.) विचारत, फेडण्यापुरते काही मागे ठेवले आहे का? ठेवले असेल तर नमाज पढवत, नसेल तर सोबत्यांना पढायला सांगत. पुढे मुसलमानांची परिस्थिती सुधारली, तेव्हा अशा मृतांच्या कर्जाची जबाबदारी त्यांनी स्वतःवर घेतली. या प्रसंगात कर्जाचा आकडा किती, एवढ्यावर विषय संपत नाही. ते फिटणार कशातून, हे विचारले जाते. बाजारात कर्जाची पडताळणी करताना आपण पहिला प्रश्न ठेवला आणि दुसरा सोडून दिला.

चार आकडे

"ताळेबंद वाचणे सीएचे काम, आम्हाला कसे जमणार?" असे लोक म्हणतात. किराणा दुकान चालवणारा माणूस उधारीची वही वाचतो, त्याला हे जमते. लागतात चार आकडे, आणि नोंदणीकृत कंपनीच्या वार्षिक अहवालात ते फुकट मिळतात.

पहिला, एकूण कर्ज : दीर्घ मुदतीचे, अल्प मुदतीचे आणि भाडेपट्ट्याची देणी मिळवा, त्यातून हातातली रोकड वजा करा. दुसरा, रोख प्रवाहाच्या विवरणपत्रातली "कार्यचालनातून आलेली निव्वळ रोकड". कंपनीच्या सादरीकरणातला "समायोजित" आकडा घेऊ नका, त्यात गैरसोयीचे खर्च बहुधा वगळलेले असतात. तिसरा, उत्पादन आहे तेवढे टिकवण्यासाठी लागणारा भांडवली खर्च. तो दुसऱ्या आकड्यातून वजा केल्यावर जे उरते, तेच कर्जफेडीसाठी खरोखर मोकळे असते. चौथा, पुढच्या दोन-तीन वर्षांत फेडायची रक्कम. गुणोत्तर ठीक असूनही सगळे कर्ज एकाच वर्षी देय असेल तर कंपनी अडकते. सुझलॉनच्या रोख्यांचे तसेच झाले.

हे गणित फक्त गेल्या वर्षासाठी करू नका. तेजीत रोकड भरपूर असते, म्हणून हे गुणोत्तरही तेजीतच सर्वांत देखणे दिसते. बाजारमूल्याच्या मापातला दोष याच्यातही अशा रीतीने शिरतो. उपाय एकच, गेल्या पाच-सात वर्षांतले सर्वांत वाईट वर्ष शोधा आणि आजचे कर्ज त्या वर्षीच्या रोकडीने भागा. तेल आणि वायूच्या लहान कंपनीत सर्वसाधारण वर्षी उत्तर एकच्या आत असेल तर निवांत, दोनपर्यंत सोसवेल, तीनच्या वर गेले की काळजी, असा ढोबळ अडाखा धरता येतो. वाईट वर्षी उत्तर दहा-बारा येत असेल, तर तो शेअर कितीही स्वस्त असो, तुमची बचत त्यासाठी नाही. क्रिसिल, इक्रा, केअर या पतमापन संस्थांची टिपणेही त्यांच्या संकेतस्थळांवर मोफत असतात. कर्जफेडीची ताकद हा त्यांचा मुख्य विषय असतो, आणि एखाद्या तरुणाने मशिदीच्या वाचनालयात बसून चार जणांना ती वाचून दाखवली तर ते मोठे काम होईल.

माझी उलेमांना आणि पडताळणीची सेवा देणाऱ्यांना विनंती आहे की एक तृतीयांशाची रेघ राहू द्या, पण तिच्या शेजारी आणखी एक रकाना घाला : वाईट वर्षाच्या रोकडीने हे कर्ज किती वर्षांत फिटेल? हलाल-हरामचा निर्णय त्यावर ठरवायचा की नाही, हे जाणकारांनी चर्चेने ठरवावे. पण आकडा समोर असेल तर निवृत्तीचा पैसा किंवा मुलीच्या शिक्षणाची रक्कम घेऊन बाजारात येणाऱ्या माणसाला निदान विचारता तरी येईल. आपल्या घरांत बचत मुळात कमी आहे. बँकेतल्या ठेवीचे व्याज टाळण्यासाठी जे लोक शेअरकडे वळतात, त्यांच्यासाठी ही बचत बुडणे म्हणजे नुसता तोटा नसतो. हलाल मार्गाने कमवता येते हा त्यांचा विश्वासही त्याबरोबर जातो. तो टिकवायचा असेल, तर कंपनीचे कर्ज कशातून फिटणार आहे हे शेअर घेण्यापूर्वी विचारण्याची सवय आपण लावून घेतली पाहिजे.